एका अल्पाकाची जागा

एका माणसाने एकदा एक स्वप्न पाहिले आणि ते बारा वर्षे मनातून उतरू दिले नाही. त्याचे नाव विश्राम. थंड हवेच्या एका पठारावर तो एका वृद्ध मेंढपाळाकडे लोकरकाम शिकत असे. त्या वृद्धाला सगळे आबा म्हणत. घोंगडी विणण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता.

बारा वर्षांपूर्वी शहरातल्या एका पशुप्रदर्शनात विश्रामने अल्पाका पाहिला होता. मेंढीहून उंच, लांब मानेचा, दूरदेशीच्या पर्वतांतला तो प्राणी. त्याच्या लोकरीत बोटे रुतली आणि विश्राम जणू तिथेच अडकला. पुढे त्याने त्या प्राण्याविषयी मिळेल ते वाचले. परसात उतरत्या छपराचा गोठा बांधला, लसूणघास लावला. त्याची पत्नी सुभद्रा नव्या पाहुण्याला घर दाखवताना तो रिकामा गोठाही दाखवत असे.

अखेर तो दिवस आला. तालुक्याच्या गावी एका व्यापाऱ्याने दोन अल्पाका विक्रीला ठेवले. एक विश्रामसाठी राखून ठेवायला तो तयार होता. दुसऱ्यासाठी एका बागाईतदार बाईंनी शब्द टाकला होता. विश्राम धावत आबांकडे आला.

"आबा, व्यापाऱ्याकडे दोन अल्पाका आलेत. त्यातला एक पुढच्या आठवड्यात आणायला जातो. आशीर्वाद द्या."

आबांनी हातातला मागाचा धोटा खाली ठेवला. ते उठले, कळपात शिरले आणि एक तरणी मेंढी ओढून विश्रामच्या पुढ्यात उभी केली.

"हिला घेऊन जा. तुझ्या त्या नव्या गोठ्यात ठेव. जायच्या दिवशी मला आणून दे."

विश्रामला वाटले, ही आपली परीक्षा आहे. त्याने मेंढीची बडदास्त ठेवली. कोवळा घास, स्वच्छ पाणी, अंगाखाली कोरडे गवत. पण मेंढी खाईना. पहिले दोन दिवस ती ओरडत राहिली, तिसऱ्या दिवशी ओरडायचीही थांबली आणि कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. विश्राम तासन्‌तास तिच्याजवळ बसे, गूळ हातावर धरून. ती हुंगायची आणि मान फिरवायची.

"दुखतंय का हिचं काही?" सुभद्राने विचारले.

"काही दुखत नाही. सगळं तपासलं मी."

पाचव्या दिवशी सकाळी रस्त्याने कोणाचा तरी कळप चालला होता. घंटांचा आवाज येताच मेंढीने कुंपणावर उडी घेतली. काटेरी तारेत तिचा गुडघा फाटला. तरी ती पुन्हा उठली आणि पुन्हा धडकली.

विश्रामने जखमेवर हळद बांधली आणि मुदत संपायची वाट न पाहता तिला खांद्यावर घेऊन तो आबांकडे गेला. त्याची मान खाली होती.

"आबा, मला जमलं नाही. काय कमी पडलं, तेही कळलं नाही."

आबांनी मेंढ्यांच्या वाड्याचे फाटक उघडले. मेंढी लंगडत आत गेली, इतर मेंढ्यांच्या अंगाला अंग घासत मधोमध पोचली आणि खाली मान घालून चरू लागली.

"तुझ्या सेवेत काही कमी नव्हतं," आबा म्हणाले. "घास दिलास, पाणी दिलंस, माया दिलीस. पण तिच्यासारखी दुसरी मेंढी तू कुठून होणार? जे जनावर तू आणणार आहेस, तेही कळपातलंच. त्या दोघांनी समुद्र एकत्र ओलांडला असेल. बारा वर्षं तू त्याचा विचार करतोयस विश्राम, आणि खूप प्रेमाने करतोयस. पण त्या विचारात तू कुंपणाच्या बाहेरून आत बघतोस. एकदा आतून बाहेर बघ."

"मग मी आणू नको?"

"ते मी कसं सांगू? मी फक्त मेंढी दिली."

दोन्ही प्राणी पोसण्याइतकी जागा विश्रामकडे नव्हती. दोन दिवसांनी त्याने मनाशी ठरवले. मग तालुक्याच्या गावी गेला. बागाईतदार बाईही त्या दिवशी आपला अल्पाका न्यायला तिथे आल्या होत्या. त्याने त्यांना घडलेले सगळे सांगितले आणि म्हणाला, "बाई, दोन्ही तुम्हीच न्या. यांची ताटातूट करू नका."

"आणि तुम्ही? तुम्ही तर किती वर्षं थांबलात म्हणे."

"थांबलो खरा," विश्राम म्हणाला. आणि तो परत फिरला. परतीच्या वाटेवर तो रडला, हे त्याने सुभद्रापाशी कबूल केले. ती त्याच्याशेजारी बसून राहिली.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा बाईंचा निरोप आला. लोकर कातरायची होती आणि त्या प्राण्याची माहिती असलेला दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता. विश्राम कात्री घेऊन गेला. बाईंच्या गड्याने धरताच पांढरा अल्पाका थरथरू लागला आणि त्याच्या गळ्यातून गुणगुणल्यासारखा बारीक आवाज निघाला. गड्याने त्याला आणखी घट्ट आवळले.

"सोडा जरा," विश्राम म्हणाला. "आधी त्या दुसऱ्याला इथे आणा."

तपकिरी अल्पाका आला, तसाच गुणगुणला आणि जोडीदाराच्या मानेला मान लावून उभा राहिला. थरथर हळूहळू थांबली. विश्रामने पांढऱ्याच्या मऊ पाठीवर तळवा टेकवला, त्याचा श्वास संथ होईपर्यंत वाट पाहिली आणि मग कात्री उचलली.

ज्याच्यावर आपला जीव जडतो, त्याचाही जीव कुठेतरी जडलेला असतो.