काळे किडे आणि हिरवे किडे

फार जुन्या काळी एका घनदाट रानात एक पाडा होता. पाड्याभोवती ऐनाची उंच झाडं होती आणि त्या झाडांवर दोन जातींचे किडे राहत. एक हिरवे, सोन्यासारखे चमकणारे. मेलेल्या हिरव्या किड्यांचे पंख वेचून बायका केसांत माळत. दुसरे काळे, ओबडधोबड. त्यांना हात लागला की असा उग्र वास सुटे, की दोन दिवस अन्न गोड लागत नसे.

लोक मुखियाकडे गेले. म्हणाले, "काळ्या किड्यांचा बंदोबस्त करा. अंथरुणातसुद्धा सापडतात."

मुखिया एरवी नीट विचार करून निवाडा देई. पण मुलाचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि पाहुण्यांसमोर हा वास त्याला नको होता. तो म्हणाला, "दिसेल तिथला काळा वेचा आणि जाळा."

डिंक गोळा करणारी एक म्हातारी पुढे झाली. "बाबा, हिरव्यांच्या अळ्या लाकूड पोखरतात. काळे त्या अळ्या खातात. मी जन्मभर पाहत आलेय."

"आजी, तुला त्या वासाची सवय झालीय. पाहुण्यांना नाही."

काळे किडे संपले. लग्न थाटात झालं. तीन वर्षं झाडं जशीच्या तशी दिसली. मुखियाला नातू झाला.

चौथ्या वर्षी ऐन पावसाळ्यात पानं पिवळी पडली. एका सकाळी मुखियाचा मुलगा मध काढायला झाडावर चढला. वारा नव्हता, पाऊस नव्हता. मांडीएवढी जाड फांदी त्याच्यासकट खाली आली. तो जागीच गेला.

मुलाला माती दिल्यावर मुखियाने ती फांदी कुऱ्हाडीने फोडली. आत लाकूड नव्हतंच. नुसता भुसा, आणि भुशात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या.

तो म्हातारीच्या दारी गेला. "काळे किडे कुठे मिळतील?"

म्हातारीने डिंकाची टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "चार वर्षं मीही शोधतेय. एकही सापडला नाही."

पुढच्या दोन वर्षांत सारी झाडं कोसळली आणि त्यांच्या मुळांनी धरून ठेवलेला पाड्याचा झराही आटला. लोकांनी पाडा सोडला. मुखियाची सून पोराला कडेवर घेऊन सगळ्यांच्या पुढे चालत होती. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. मुखिया सगळ्यांत शेवटी चालत होता, आणि त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं.

जो नुसतं वरवरचं पाहून निवाडा देतो, त्याच्या निवाड्याची शिक्षा निरपराध माणसं भोगतात.