सात नारळ आणि न झालेली चोरी

"न झालेली चोरी आठ दिवसांत दरबारात हजर कर! नाही जमलं, तर तुझ्या कुलूपघरात माझी घोडी बांधीन!"

राजे भुजंगराव गरजले. पण समोर उभ्या ठकूबाईची मान काही खाली गेली नाही. मान खाली घालणाऱ्यांतली ती नव्हेच.

झालं होतं असं. तांबेपेठेच्या चौकात एका पडवीत ठकूबाई आणि तिच्या पाच मैत्रिणी कुलूपघर चालवायच्या. काम मोठं चमत्कारिक! घरोघर जायचं, मालकाच्या देखत त्याचं कुलूप तारेनं, काडीनं उघडून बघायचं. उघडलं की सांगायचं, "बाबा रे, हे बदल." एका कुलपात खोट सापडली की तसलं कुलूप असलेल्या प्रत्येक दारी निरोप जायचा. पेढीवाल्यांच्या माडीला जायचा तसाच बांगड्या विकणाऱ्या कृष्णीच्या लाकडी पेटीलाही जायचा. पैसा कुणाकडून घ्यायचा नाही. सात वर्षांत पेठेत एक चोरी झाली नव्हती.

आणि तेच नडलं! राजे दरवर्षी काय करायचे? सत्कार! शाल, श्रीफळ आणि खजिनदार त्रिंबकपंतांचं तासभर भाषण. श्रीफळावर लाखेची राजमुद्रासुद्धा! सात शाली झाल्या, सात नारळ झाले, पण वंगणाला तेल नाही. शालींनी बायका कुलपं पुसायच्या आणि नारळ फळीवर वाळून खडखडायला लागले होते. पोटापायी दोघी तर धुणीभांडी करायला निघाल्या. तेव्हा ठकूबाई दरबारात येऊन म्हणाली, "महाराज, सत्कार पुरे झाले. दरमहा काही नेमून द्या, म्हणजे काम टिकेल."

त्रिंबकपंत फिस्सकन हसले. "सरकार, सात वर्षांत चोरी नाही! चोरच नाहीत, तर या बायका अडवतात कुणाला?"

"खरंच की!" राजांना पटलं. पंतांचं त्यांना सगळंच पटायचं. म्हणून हा हुकूम सुटला.

कुलूपघर मोडलं तर कृष्णीच्या पेटीकडे कोण बघणार, या विचारानं ठकूबाईला फार वाईट वाटलं. मग राग आला. आणि राग आला की तिचं डोकं झकास चालायचं.

"आणते, महाराज. पण आणताना दरबारातल्या एखाद्या कुलपाला हात लागला, तर गुन्हा नाही ना?"

"खुशाल माझ्या खजिन्याच्या पेटीला लाव! किल्ली माझ्या गळ्यात असते!"

"तेवढं लिहून द्या."

राजांनी हसत हसत लिहून दिलं.

आता या पेटीची गंमत ऐका. पेटी पितळेची. दर महिन्याला ती चिंच लावून घासायला तांबट आळीत जायची, तीसुद्धा दागिन्यांसकट! रिकामी कोण करणार? "कुलूप आहे ना!" हे पंतांचं ठरलेलं उत्तर. त्याच जातीच्या कुलपात खोट आहे, असा अर्ज ठकूबाईनं वर्षापूर्वी पंतांच्या हातात दिला होता. पंतांनी तो न वाचताच घडी घालून आपल्या डुगडुगणाऱ्या चौरंगाच्या पायाखाली सारला होता.

पाचव्या दिवशी पेटी आळीत आली. शिपाई पहाऱ्यावर होते, म्हणजे समोरच्या ओट्यावर ताक पीत होते.

"दादा, आज चिंच मी लावू का?" ठकूबाईनं एका शिपायाला विचारलं.

"लाव की, आमचं काय जातंय!"

आठव्या दिवशी ती दरबारात आली ती रिकाम्या हातांनी.

"कुठाय चोरी?"

"आपल्या पेटीत, महाराज. मागवा."

चौघांनी पेटी उचलून आणली. आत काहीतरी गडगडलं. पंतांच्या कपाळावर आठ्या पडल्या. राजांनी गळ्यातली किल्ली काढली, झाकण उघडलं, आणि बघतात तो काय? दागिन्यांवर सात नारळ! प्रत्येकावर राजमुद्रा!

"चोर! चोर!" पंत किंचाळले.

"आधी बघा तरी, काय गेलं!" ठकूबाई म्हणाली.

पंतांनी अख्खी पेटी उपसली. हार होते, कंठे होते, मोत्याचे तुरे होते. "काही... काही गेलेलं नाही," ते घाम पुसत म्हणाले.

"आणि किल्ली?"

"माझ्याच गळ्यात होती," राजे पुटपुटले.

"म्हणजे कुलूप उघडलं, हात आत गेला आणि चोरी झाली नाही. आपण मागितलीत तीच आणलीय, महाराज! खुणेला आपलेच नारळ ठेवलेत. माझ्या जागी चोर असता, तर आत्ता आपल्याला हवा सापडली असती!"

राजांनी एक नारळ उचलला, कानाशी हलवला. खडखड, खडखड! आणि ते इतके हसले की पगडी डोळ्यांवर आली.

"जिंकलीस, बाई! हा हार घे!"

"नको, महाराज. हार मोडून खाल्ला की संपला. कुलपं तर रोज गंजतात आणि नव्या खोटी रोज निघतात. ज्या दाराला कुलूप, त्या दारानं दरमहा वाटा द्यावा. मोठ्या दारानं मोठा, कृष्णीसारखीनं काहीच नाही. आणि तो अर्ज न करता, भाषण न ऐकता मिळावा!"

"सगळ्यात मोठं दार कुणाचं गं?"

"मला काय विचारता? आपण रोज त्यातून हत्तीवर बसून येता!"

राजांनी मांडीवर थाप मारली. "मान्य! पहिला वाटा राजवाड्याचा, आजपासून, कायमचा. आणि दर महिन्याला तो पंत स्वतः पायी जाऊन पोचवतील. त्या पडवीत घोडी बांधायची नाहीत!"

पंतांचा चेहरा उतरला. पण सवय कुठे जाते? त्यांनी टाळी वाजवली, "अरे, शाल-श्रीफळ आणा रे!"

"आणा की," ठकूबाई म्हणाली. "तो नारळ कुठे ठेवायचा तेही माझं ठरलंय, पंत. तुमच्या घरच्या तिजोरीला याच जातीचं कुलूप आहे!"

पंतांचा हात झटकन कमरेच्या किल्लीवर गेला. राजे पुन्हा हसत सुटले, आणि या खेपेला पगडी सावरायच्या भानगडीत पडलेच नाहीत.