झाडाचा नायटा

“महाराज, झाडाला नायटा होतो का?”

भिकोबा महाराज मठाच्या ओसरीवर मोड आलेले वाल सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “कुणाच्या झाडाला?”

“माझ्या.”

“मग होईलही.”

वामदेवशास्त्री शिष्य खरे, पण पोथ्या उदंड वाचलेले. गुरूलाही अधूनमधून शिकवायची त्यांना खोड होती. डोंगरावरच्या त्या थंड मठात त्यांनी हिमालयातून भूर्जाचं रोप आणवलं, बागेत लावलं, डोक्याएवढं उंच केलं. आपण लिहिलेली पोथीवरची टीका भूर्जपत्रांवर उतरवून यंदाच्या उत्सवात वाचणार, असं ते पंचक्रोशीतल्या पंडितांना सांगून बसले होते. पंडित येणार म्हणजे येणारच. जेवण होतं.

शास्त्रीबुवा रोज झाडाची पानं दुधाच्या बोळ्यानं पुसत. पण पान काही मोठं होईना. एका पानावर ‘श्रीगणे’ एवढंच मावे. ‘शाय नमः’साठी दुसरं तोडावं लागे.

आणि आता खोडाची कातडीच सुटायला लागलेली.

“काय उपाय केलास?”

“हळद, कडुनिंब... आणि वरून पट्टी.”

महाराज उठले. बागेत भूर्ज उभा होता, बाळंतिणीसारखा धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. महाराजांनी फडकं सावकाश सोडलं. त्याबरोबर सालीचा एक पापुद्रा आपसूक निघून त्यांच्या हातात आला. पांढरा, मऊ, कागदासारखा.

“घे. भूर्जपत्र.”

“ही तर साल आहे.”

“हो.”

“पत्र म्हणजे पान ना, महाराज?”

“तुझ्या पोथीत असेल. झाडाला कुणी सांगितलं नाही.”

शास्त्रीबुवांनी पापुद्रा उलटसुलट करून पाहिला.

“म्हणजे दूध वाया गेलं.”

“मुंग्यांना विचार.”

पण शास्त्रीबुवांची कळी लगेच खुलली. ओसरीवर धावत जाऊन त्यांनी आपल्या टीकेचं गाठोडं महाराजांच्या पाटाशी आणून ठेवलं. पापुद्रा मांडीवर घेतला, बोरू बुडवला. चार ओळींत पापुद्रा संपला. नुसतं नमनही झालं नव्हतं.

“महाराज, खोडाला अजून पुष्कळ आहे. ओढून काढू?”

“ओढलीस तर झाड मरेल. आपण होऊन सुटेल तेवढीच घ्यायची.”

“मग एवढी टीका मावायची कशी? पंडित तोंडावर हसतील.”

महाराज पुन्हा वालाशी बसले. एक दाणा चिमटीत दाबला. साल बोटांत राहिली, डाळिंबी टुणकन परातीत पडली.

“सोलायला बस,” ते म्हणाले.

शास्त्रीबुवांना हायसं वाटलं. शेवटी गुरूनं परवानगी दिली. धोतर खोचून ते बागेची पायरी उतरले...

“तिकडे कुठे निघालास, वामदेवा? गाठोडं इकडे आहे.”