शिरंबवलीच्या कुंभजाईची पाठ

या, चपला इथेच काढा. आत जरा वाकून या, चौकट बुटकी आहे. दिसली? हो, ही पाठच. वेणी, खांद्यावरचा पदर, कमरपट्ट्याची गाठ. शिरंबवलीच्या कुंभजाईचं तोंड पाहिलेला माणूस आता गावात उरलेला नाही. तोंड भिंतीकडे आहे. मी इथला गुरव, आणि ज्याच्यामुळे हे झालं तो भिवा गुरव माझा आजा. म्हणून लपवण्यासारखं काही नाही.

इंग्रज जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. त्याआधी पाऊस ओसरू लागला की गावात हिवताप यायचा आणि अख्खं गाव हा डोंगर चढायचं. भिवा कपाळाला अंगारा लावायचा, देवीला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल घ्यायचा. उजवी पडली तर माणूस जगणार, डावी पडली तर देवीची मर्जी. पाकळी कोणती पडली हे भिवा सांगेल तेच खरं. लग्न त्याला विचारून, पेरणी त्याला विचारून. वाटेत दिसला की माणसं बाजूला होत.

मग खाली ओढ्याकाठी सरकारी दवाखाना आला आणि त्यात मालनबाई कांबळे नावाची नर्स आली. एकटीच, बावीस-तेवीस वर्षांची. कडू गोळ्या द्यायची आणि पाचव्या दिवशी ताप उतरायचा. पहिल्या वर्षी लोक आधी देवळात येऊन मग तिच्याकडे गेले. दुसऱ्या वर्षी आधी तिच्याकडे गेले. तिसऱ्या वर्षी देवळात आलेच नाहीत.

भिवा या पायरीवर बसून खाली बघत राहायचा, असं सांगतात. दवाखान्यासमोर माणसं बसलेली दिसत. त्यांना तो मोजायचा. त्याला जास्त जाळायचं ते वेगळंच. मालनबाईच्या जातीच्या माणसाला तेव्हा ही पायरी चढू देत नसत. ती चढू शकत नव्हती तिथला मालक भिवा, आणि गाव मात्र तिच्या दारात. घरी आजी म्हणे बोलली, "माणसं बरी होतायत ना? मग तुमचं काय दुखतंय?" त्यावर तो दोन दिवस तिच्या हातचं जेवला नाही.

पुढच्या श्रावणात, सगळं गाव शेतात असताना, भर दुपारी त्याने पहार घेतली आणि एकट्याने मूर्ती फिरवली. संध्याकाळी गावात आरोळी दिली, "आई रुसली! आईनं पाठ फिरवली!"

गाव धावत वर आलं. बायका रडल्या. कौल लावला, आणि भिवानं सांगितलं, "आई म्हणते, दवाखान्याची पायरी चढाल तर मी गाव सोडीन."

झालं. दवाखाना ओस पडला. मालनबाई गोळ्या घेऊन दारोदार फिरली, दारं लागली. भाद्रपदात ताप आला. आधी रघू सुतार गेला. म्हातारं माणूस, वय झालं होतं म्हणाले. देवळात पुन्हा रांग लागली. भिवाला हवं ते सगळं मिळालं होतं.

मग काशी आली, पाच वर्षांची लेक चंद्री खांद्यावर घेऊन. तीन दिवस ती या कोपऱ्यात बसून होती. अंगारा लावला, पोर थरथरतच राहिली. तिसऱ्या दिवशी पोरीचे डोळे फिरले. भिवा मनात म्हणत होता, ही बाई आता उठेल, मला शिव्या देईल, पोर घेऊन खाली पळेल. काशी उठली नाही. ती म्हणाली, "गुरवदादा, तुम्ही आहात म्हणून मला भ्या नाही."

त्या शब्दाने तो मोडला. पोर तिच्या हातातून ओढून घेतली आणि डोंगर उतरत सुटला. काशी मागे ओरडत होती, "दादा, आई गाव सोडील!" तो उतरता उतरता ओरडला, "आई फिरली नाही गं! मी फिरवली! मी!" शेतातल्या माणसांनीही ते ऐकलं.

मालनबाईने दार उघडलं. पोर घेतली, सात रात्री जागली. चंद्री वाचली. पुढे तिला नातवंडं झाली.

गावाने भिवाला मारलं नाही. त्याला घेऊन वर आले आणि म्हणाले, "फिरवलीस तशी सरळ कर." त्याने पहार लावली. मूर्ती हलेना. आठ माणसं लागली, पहार वाकली म्हणे, आई तसूभर हलली नाही. तेव्हा कुणीतरी म्हणालं, मालनबाईंना बोलवा.

ती आली आणि पायरीखाली थांबली. म्हणाली, "मला वर बोलावायला देवीनं पाठ फिरवावी लागली होय?" मग ती चढली. मूर्तीकडे बघून म्हणाली, "राहू द्या अशीच. तोंड दिसलं की तुम्ही मागत सुटता. पाठीला काय मागणार?"

भिवाने पुढे होऊन या दगडी पाठीला कपाळ टेकलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "मालन कांबळे. मला हिचा हेवा वाटला. रघू सुतार माझ्यामुळे गेला." आणि कौलाची पाकळी त्याने पुन्हा हातात धरली नाही.

आजही इथे नवस बोलत नाहीत, कौल लावत नाहीत. येणारा माणूस पाठीला कपाळ टेकतो, ज्याचा हेवा वाटतो त्याचं नाव घेतो आणि निघतो. पूर्वी भावकीतले यायचे, जावा यायच्या. आता महिन्याला दोन-चार माणसं येतात, तीही वाट चुकून.

मी मात्र रोज असतो. गेलं वर्षभर एकच नाव घेतोय, माझ्या मुलाचं. पुण्याला असतो. देव मानत नाही, कधी हात जोडत नाही. दिवाळीला आला की आडवा पडतो आणि लहान पोरासारखा गाढ झोपतो. मी उशाशी जागाच बसून बघत राहतो.

तुम्हाला कुणाचं नाव घ्यायचं असेल तर घ्या. मी बाहेर थांबतो.