सावरखेडचा पाऊण तास

बॉयलरच्या उजव्या अंगाला, जिथे विटा काढलेल्या आहेत, तिथे एक चौकोनी ठिगळ दिसतं. ते नीट पाहून घ्या. थोड्या वेळाने या बॉयलरघराची दोन्ही दारं लागतील आणि तुम्ही, आम्ही, ही मुलं, सगळे पाऊण तास इथे बसू. बोलायचं नाही, उठायचं नाही. त्यानंतरच आग पेटते, वाफ धरते आणि पलीकडच्या खोलीतलं इंजिन फिरतं. कुणाला दमा असेल, कुणाचं बाळ लहान असेल, त्यांनी बाहेर लिंबाखाली थांबावं. त्यात कमीपणा नाही. बाकीच्यांनी दार लागण्याआधी हे ऐकून घ्यावं.

ही सावरखेडची जुनी जीन-प्रेस. इथे कापसातली सरकी निघायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या, आणि सगळं वाफेवर चालायचं. हा बॉयलर स्टेशनपासून इथवर बावीस बैलजोड्यांनी ओढून आणला, असं सांगतात. वाटेत नाल्यात तो तीन दिवस रुतून बसला होता म्हणे. प्रेस बंद पडली तेव्हा तो भंगारात जाणार होता. तो थांबवला आबा ढवळ्यांनी. आबा इथलेच बॉयलर फिटर, उंच, कमी बोलणारे. त्यांच्या मागे गावातली वीसेक माणसं उभी राहिली. शाळामास्तर होते, शिंपी होते, एसटीचे मेकॅनिक होते. रविवार आला की सगळे इथे. गावात आम्हाला रविवारची मंडळी म्हणत. मी वामन खंडारे, तेव्हा पोस्टात होतो, वय सव्वीस.

बॉयलर वर्षातून एकदा, दिवाळीच्या पाडव्याला पेटायचा. त्यासाठी आबांचे मुलगे, सुना, नातवंडं, सगळं घर आठ दिवस आधी सावरखेडला यायचं. त्यांच्या नातवंडांना विचाराल तर ती अजून सांगतात, त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या सुट्ट्या त्या. बॉयलरच्या गरम पाण्याने अंघोळी, राखेत भाजलेली रताळी, शिट्टीची दोरी ओढायला लागलेली रांग. हे सगळं खरं आहे. मी पाहिलंय.

आबांची धाकटी सून कुमुद. नवरा जयसिंग अकोल्याला नोकरीला. लग्नाला अकरा वर्षं झालेली आणि अकराही दिवाळ्या इथेच. सकाळी चाळीस माणसांचा चहा, मग स्वयंपाक, दुपारी पितळी नळ्या घासायच्या, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. एकदा तिने समुद्र पाहायला जाऊ या, असं जयसिंगला म्हटलं होतं. तो म्हणाला, "पाडवा झाला की बघू." पाडवा झाला की सुट्टीच संपायची.

त्या वर्षी बॉयलर इन्स्पेक्टरने बजावलं की आतला खार काढल्याशिवाय पेटवायचा नाही. आपल्याकडचं पाणी जड, वर्षानुवर्षं त्याचा दगडासारखा थर आत धरलेला. तो हातोडीने ठोकून काढावा लागतो, आणि त्यासाठी माणसाने वरच्या झाकणातून आत उतरायचं असतं. आत दोन मोठे लोखंडी नळे आडवे गेलेत. त्यांच्या मधल्या फटीतून खाली सरकायचं आणि तळाशी झोपून ठोकायचं. आमच्यातला जो एक बारीक माणूस होता त्याचा हात मोडलेला. बाकी सगळे अंगाने भरलेले. आबा सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "कुमुद उतरेल."

तिला कुणी विचारलं नाही. तिने कणीक मळलेले हात धुतले, जयसिंगची जुनी पँट चढवली आणि उतरली.

दुपारपर्यंत काम चांगलं चाललं. आतून हातोडीचा आवाज येत होता. मग तो थांबला आणि कुमुद म्हणाली, "माझा पाय निघत नाहीये."

नळा आणि बॉयलरचा पत्रा यांच्या बेचक्यात तिचा डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत घुसला होता. ओढायला गेली तसा गुडघा पिळवटला आणि सुजला. गुडघा वाकवल्याशिवाय वर येता येत नव्हतं, आणि सुजलेला गुडघा वाकत नव्हता. आम्ही वरून तेल सोडलं. दोर सोडला. झाकणातून डोकं घातलं की जयसिंगला ती दिसत होती, पण त्याचा हात तिच्यापर्यंत पोचत नव्हता. दोन तास गेले. आत हवा कोंदट, काळोख, तोंडात खाराची धूळ.

तेव्हा बसस्टँडजवळचा वेल्डर करीम म्हणाला, "आबा, गॅस कटर आणतो. बाजूने पत्रा कापला तर अर्ध्या तासात बाहेर येतील."

आबा म्हणाले, "बॉयलर एकदा फाडला की संपला. तो पुन्हा कुणी पास करणार नाही."

आता जे सांगतो ते मला दरवर्षी सांगावं लागतं आणि दरवर्षी जड जातं. आम्ही सहा जण इथे, आता ठिगळ आहे तिथे उभे राहिलो आणि बोलत राहिलो. मास्तर म्हणाले, सूज उतरेल. कुणी म्हणालं, तालुक्याहून मोठा डॉक्टर आणू, तो काही इंजेक्शन देईल. कुणी म्हणालं, कापताना चटका बसला तर ते जास्त वाईट. मी म्हणालो, आणखी थोडं तेल घालून बघू. प्रत्येकाचं बोलणं शहाणपणाचं होतं. जयसिंग बॉयलरवर तळहात ठेवून उभा होता. वडिलांसमोर तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. करीम दारात उभा राहून आमच्याकडे पाहत होता. असा पाऊण तास गेला.

आणि आतून आवाज आला, "मामंजी, मला सगळं ऐकू येतंय."

लोखंड आवाज किती नेतं, हे आबांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. जयसिंगने हाक मारली, "कुमुद." पुन्हा हाक मारली. ती जागी होती, पण बोलली नाही.

मग जयसिंगने कोपऱ्यातली पहार उचलली आणि बॉयलरभोवतीच्या विटा फोडायला लागला. आबा म्हणाले, "जयसिंग." त्याने वळून पाहिलं नाही. करीम केव्हाच सायकलवर बसून कटर आणायला गेला होता. पत्रा उघडा पडल्यावर जयसिंग ओरडून म्हणाला, "तू कुठवर आहेस ते ठोकून सांग." तिने आतून हातोडी मारली. ठोक्याच्या पलीकडे वीतभर जागा सोडून करीमने खूण केली, तिला झाकायला आम्ही वरून पाण्यात भिजवलेली पोती सोडली, आणि पत्रा कापला. दिवेलागणीला ती या चौकोनातून बाहेर आली. खांद्यावर भाजल्याचा फोड होता. खाटेवर घालून तिला दवाखान्यात नेलं. जाताना तिने आमच्यापैकी कुणाकडेही पाहिलं नाही.

पुढे करीमने ठिगळ लावलं आणि निम्म्या दाबावर चालवायला परवानगीही मिळाली. पण आबांनी इथे, सगळ्यांदेखत शब्द दिला की कुमुद सांगेल तेव्हाच हा बॉयलर पेटेल. कुमुद त्या दिवाळीनंतर तीन वर्षं सावरखेडला आली नाही. मुलं हट्ट करायची, रडायची. ती त्यांना घेऊन बहिणीकडे जायची. इकडे पाडव्याला मंडळी जमायची, थंड बॉयलर पुसायची आणि घरी जायची. काही जण आबांवर चिडले, काहींनी येणं सोडलं. घरातही कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं, असं सांगतात. जयसिंगने वडिलांना पत्र लिहायचं सोडलं होतं. आबा रोज संध्याकाळी येऊन या कट्ट्यावर बसायचे, ते मात्र मी पाहिलंय.

चौथ्या वर्षी आबा एकटे एसटीने अकोल्याला गेले. तिथे काय झालं ते कुमुदवहिनींनी पुढे कधीतरी माझ्या बायकोला सांगितलं. त्यांनी चहा दिला. आबांनी कप हातात धरला, प्याले नाहीत. म्हणाले, "पाऊण तास झाला होता, कुमुद. मी घड्याळ पाहत होतो."

वहिनी म्हणाल्या, "माझ्याकडे घड्याळ नव्हतं."

आबांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "घाबरली होतीस का?"

"आधी घाबरले होते. तुमचं बोलणं ऐकल्यावर नाही. मग पडून पडून मोजत होते, किती दिवाळ्या झाल्या ते."

आबांनी हात जोडले. वहिनींनी ते खाली करायला लावले. म्हणाल्या, "माफी मला नको, मामंजी. तुम्ही सगळे तिथे दार लावून तेवढा वेळ बसा. काही न करता बसा. मग मला विचारा. मी हो म्हणेन असं समजू नका."

त्या पाडव्याला वहिनी आल्या. दारं लागली. पन्नास माणसं आत, वर पत्रा तापलेला. पहिली दहा मिनिटं माणूस इकडेतिकडे पाहतो. मग घाम येतो. मग उठावंसं वाटतं आणि उठता येत नाही. मास्तर रडले. मला माझंच वाक्य ऐकू येत होतं, आणखी थोडं तेल घालून बघू. वेळ संपल्यावर आबा उठले, सुनेसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पेटवू का?"

वहिनी बॉयलरकडे नाही, जयसिंगकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "पेटवा. पण आज चूल तुम्ही पेटवायची." त्या दिवशी पन्नास माणसांचं पिठलं पुरुषांनी केलं आणि ते खालून करपलं. पुढल्या दिवाळीत जयसिंग वहिनींना आणि मुलांना घेऊन हर्णैला समुद्रावर गेला. त्याच्या पुढल्या वर्षी त्या आपणहून इथे आल्या आणि मग बहुतेक वर्षं येत राहिल्या, कधी येत नसत. आल्या नाहीत त्या वर्षी आम्ही पेटवला नाही.

आबा गेले, जयसिंग गेले. आठ वर्षांपूर्वी कुमुदवहिनीही गेल्या. तेव्हापासून मंडळींनी असं ठरवलं की पाऊण तास झाल्यावर इथे पहिल्यांदा आलेल्या एखाद्या बाईला विचारायचं. आजही आम्ही तसंच विचारतो. हसत नाही, आग्रह करत नाही, मुलं वाट पाहताहेत असं सांगत नाही.

तीन वर्षांपूर्वी नाशिकहून एक बाई आल्या होत्या, सासर-माहेरची मिळून चौदा माणसं घेऊन. त्यांना विचारलं. त्यांनी सगळ्या घरच्यांकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "नको." आम्ही दारं उघडली, काड्यापेटी खिशात ठेवली आणि सगळ्यांना चहा दिला. त्या वर्षी इंजिन फिरलं नाही.