खजूरवैद्याचा वाटा

सबंध किनाऱ्यावर खजूरवैद्याची गोष्ट माझ्याइतकी खरी कोणालाच ठाऊक नाही. मला ती आजोबांनी सांगितली, आणि आजोबांना अख्खं गाव थापाड्या म्हणत असे. ते गेल्यावर ते पद गावानं एकमतानं मला दिलं. तेव्हा ऐका. पटेल तेवढं ठेवा, उरलेलं शेजाऱ्याला सांगा.

फार वर्षं झाली. किती, ते मास्तरांना विचारा. मी चौथीतून उठलो आणि मोठे आकडे म्हणे पाचवीत असतात. एवढं सांगतो की तेव्हा आमच्या सोनदांड्याला रस्ता नव्हता आणि शाळाही नव्हती, म्हणजे लोक सुखात होते. पुढे समुद्र, मागे डोंगर, मध्ये कोळ्यांची चाळीस घरं. पण चाळीस घरांत वैद्य एक नाही. ताप आला की तो आपल्या मनानं यायचा आणि आपल्या मनानं जायचा. कधीकधी जाताना माणसालाही सोबत न्यायचा.

अशा गावात दामाजी तांडेलाचं गलबत बसऱ्याहून खजूर भरून आलं. तांडेल म्हणजे गलबत हाकणारा म्होरक्या, वाऱ्याशी बोलणारा माणूस. त्या खजुराच्या करंड्यांवर एक उंच, दाढीवाला पाहुणा बसला होता आणि त्याच्या मांडीवर लाकडाची पेटी होती. त्याचं नाव इदरीस हकीम. राहणारा बसऱ्याचा, पण शिराज शहरात अकरा वर्षं औषधं शिकलेला. मी चार वर्षांत थकलो, म्हणून अकरा म्हटलं की मला अजून घाम येतो.

इतका शिकलेला माणूस आमच्याकडे का आला? तर बसऱ्यात तेव्हा आजाऱ्यांपेक्षा हकीम जास्त झाले होते, असं म्हणतात. बाजारात एक माणूस शिंकला की सात हकीम धावायचे, आणि शिंकणारा भीतीनंच बरा व्हायचा. अशानं पोट कसं भरणार? तेव्हा त्यानं धक्क्यावर दामाजीला विचारलं, "तुमच्या मुलखात आजारी माणसं आहेत का?"

दामाजी म्हणाला, "पुष्कळ. काही तर हौसेनं पडतात."

गलबत किनाऱ्याला लागलं तेव्हा दामाजीनं त्याला बजावलं, "आता चार महिने समुद्र बंद. नारळी पौर्णिमेपासून चौथ्या दिवशी मी परत बसऱ्याला निघणार. तोवर गावानं तुला वाटा दिला तर राहा. नाही दिला तर पेटी उचल आणि माझ्याबरोबर चल."

वाटा म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे जाळं किनाऱ्यावर ओतलं की मासळीचे ढीग पडतात. एक होडीचा, एक जाळ्याचा, प्रत्येक खलाशाचा एकेक. ज्याला वाटा तो गावचा. ज्याला नाही तो पाहुणा, आणि पाहुण्यानं किती दिवस राहायचं ते पाहुण्याला कळलं पाहिजे.

गावचा मुखत्यार धाकू पाटील मोठा हुशार. त्यानं तोड काढली. देवळासमोर एक काळा कातळ आहे. बरं झालेल्या माणसानं त्या कातळावर उभं राहून तीनदा म्हणायचं, "मी बरा झालो." म्हटलं, की त्याच्या घरातून हकिमाला वर्षभर वाटा. म्हणेपर्यंत काही नाही. हकिमाला हे फार आवडलं. त्याला वाटलं, किती न्यायी गाव आहे. परका माणूस, काय करणार.

झालं. देवळामागे झोपडी मिळाली आणि रोग्यांची रांग लागली. हकिमाची औषधं कडू, इतकी कडू की पेटी उघडली की वरून उडणारा कावळा तोंड वाकडं करायचा, असं म्हणतात. म्हणून तो खजुराची बी काढायचा, आत औषधाची गोळी भरायचा आणि खजूर रोग्याच्या तोंडात घालायचा. त्यावरून पोरंबाळं त्याला खजूरवैद्य म्हणू लागली, आणि मग सगळेच म्हणू लागले.

आणि औषध लागू पडलं की हो. बारा वर्षांचा खोकला बारा दिवसांत गेला. भागू खलाशाचा वाकलेला कणा इतका सरळ झाला की त्याला स्वतःच्या दारातून आत जाताना वाकावं लागू लागलं. धाकू पाटलाचा गुडघा माडाच्या बुंध्याएवढा सुजला होता, तो उतरला. बायकांचं विचाराल तर त्यांना दुखायला वेळच नव्हता, असं म्हणतात. पण असं पुरुष म्हणतात.

हकीम रोज सकाळी कातळाजवळ जाऊन बसायचा. कातळ मोकळाच. मग तो पाटलाला विचारायचा, "गुडघा कसा आहे?"

पाटील लगेच पाय ओढत म्हणायचा, "फरक आहे वैद्यबुवा. पण अजून जरा ठणकतंय."

भागूला विचारलं, तर भागू कमरेवर हात ठेवून, "अजून जरा ठणकतंय." खोकलेवाल्याला विचारलं, तर त्याचाही घसा ठणकत होता. कारण काय, तर एक म्हणजे बरं झालं म्हटलं की वाटा द्यावा लागतो. आणि दुसरं म्हणजे बरं झालं की खजूर बंद. आमच्या पूर्वजांबद्दल वाईट बोलू नये, पण दुसरं कोणाबद्दल बोलायचं? पुढे पुढे झोपडीसमोरून जाताना सगळं गाव लंगडू लागलं. वळण संपलं की पळायचे.

बिचारा हकीम. मराठीतलं पहिलं वाक्य त्याला तोंडपाठ झालं ते हेच, "अजून जरा ठणकतंय." तो पेटीतली पुस्तकं उघडून बसायचा आणि पानं चाळायचा. आपली अकरा वर्षं फुकट गेली, शिराजचं औषध या हवेला लागतच नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. खायलाही काही नव्हतं. औषधाचे खजूर तो स्वतः खात नसे, ते रोग्यांचे. तो इतका वाळला की वाऱ्याच्या दिवशी खिशात दगड ठेवून फिरायचा, असं म्हणतात.

त्याला जगवलं चांगुणाबाईनं. ही धाकू पाटलाची बायको आणि बाजारात मासळी विकणाऱ्या कोळणींची पुढारीण. ती जन्मात आजारी पडली नव्हती, कारण रोगही तिच्याशी घासाघीस करायला घाबरत. ती गुपचूप तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणून ठेवायची. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती आली, तर हकीम पेटी बांधत होता.

"निघालास?" तिनं विचारलं.

"गलबत चार दिवसांनी सुटेल. पण मला काही येत नाही हे मला आजच कळलं. चार महिने झाले, एक माणूस बरा झाला नाही."

चांगुणाबाईनं हातातली भाकरी खाली ठेवली. मग तिनं त्याला हाताला धरून झोपडीच्या मागच्या कुडाच्या भोकाशी नेलं. पलीकडे किनाऱ्यावर सगळे रोगी उद्यासाठी होड्या पाण्याच्या कडेला ढकलत होते. भागू वाकून वल्ही उचलत होता. आणि धाकू पाटील, तोच तो गुडघेवाला, एका उडीत होडीवर चढला, दुसऱ्या उडीत उतरला आणि मग खुशीत येऊन वाळूवर नाचला.

"तुझं शिकणं वाया नाय गेलं रं," चांगुणाबाई म्हणाली. "आमची माणसं वाया गेलीत."

आधी हकिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो हसला. चार महिन्यांचं हसू साठलेलं, ते असं बाहेर पडलं की अंगणातल्या माडाचे दोन नारळ खाली पडले, असं म्हणतात. एक आमच्या पणजोबांच्या डोक्यात पडला. आमच्या घराण्याचं डोकं तेव्हापासून असं आहे.

हसून झाल्यावर त्यानं विचारलं, "बाई, यांना कुठे दुखत नाही ते मला कळलं. कुठे दुखेल?"

चांगुणाबाई म्हणाली, "ताटात."

दुसऱ्या दिवशी समुद्राला नारळ वाहिला, होड्या आत गेल्या. आणि हकिमानं गावातल्या बायकांना कातळापाशी बोलावून औषधाबरोबरचं पथ्य सांगितलं, जे तो म्हणे इतके दिवस सांगायला विसरला होता. ज्याला अजून ठणकतंय, त्याला मासे बंद. ताजे नाहीत, सुके नाहीत, कालवण नाही, कालवणाचा वाटीला लागलेला थेंबही नाही. नाहीतर ठणका हाडात शिरेल. बायकांनी मान डोलावली. चांगुणाबाईनं त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं.

आता हे ज्यानं चार महिने ताजी मासळी पाहिलेली नाही त्यालाच कळेल. त्या वर्षी बांगडा असा आला की पाणी दिसेना, पोरं त्याच्यावरून चालत खाडी ओलांडून गेली, असं म्हणतात. होड्या काठोकाठ भरून परतल्या. पुरुष हात चोळत घरी गेले, तर ताटात पेज आणि दुध्याची भाजी.

"म्हावरं कुठाय?" धाकू पाटलानं विचारलं.

"गुडघा कसा हाय?" चांगुणाबाईनं विचारलं.

पाटलानं ताट पुढे ओढलं. त्यानं दुधी खाल्ला.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी भागूनं होडीवरच बांगडा भाजून खायचा बेत केला. पण परत आल्यावर बायकांनी किनाऱ्यावर रांग लावून एकेकाचं तोंड हुंगलं. भागूला त्या दिवशी दुधीही मिळाला नाही. पाटील चावडीवर बसून सगळ्यांना धीर देत होता, "गड्यांनो, उद्याचा दिवस काढा. परवा गलबत सुटलं की हकीम गेला, पथ्य गेलं." म्हणजे बघा, गावाला मिळालेला एकुलता एक वैद्य घालवायला चाळीस घरचे बाप्ये दुधी खाऊन बसले होते. तिसराही दिवस त्यांनी काढला. यावरून आमच्या गावाची चिकाटी कळते.

चौथा दिवस उजाडला. दामाजीनं शीड बांधलं. हकिमानं स्वतः पेटी नेऊन गलबतावर ठेवली आणि वाळूत उभा राहून गावाकडे तोंड केलं. तेव्हा चांगुणाबाईनं खूण केली. चाळीस अंगणांत चाळीस चुली पेटल्या, चाळीस तवे चढले, आणि हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावलेले बांगडे एकाच वेळी तेलात पडले.

तो चर्र आवाज सात वर्षं ठार बहिरा असलेल्या लक्ष्या सुताराला ऐकू आला, असं म्हणतात. वारा समुद्राकडून वाहत होता, तो थांबला आणि मागे वळून बघू लागला. वास डोंगरावर चढला आणि तिथलं एक वाघरू मान खाली घालून किनाऱ्यावर येऊन मांजरांच्या रांगेत बसलं. आमचे तेच पणजोबा, नारळवाले, त्यांना गेले म्हणून घोंगडीत गुंडाळून ठेवलं होतं; ते उठून बसले आणि म्हणाले, "दोन तुकडे मला." यावर मात्र माझा पूर्ण विश्वास आहे. आमच्यात जेवण चुकवून कोणी जात नाही.

दामाजीनं दोर सोडायला हात घातला. हकिमाचा एक पाय गलबताच्या फळीवर पडला. आणि धाकू पाटील चावडीवरून उठला. तो चालला नाही, तो पळाला. वाटेतलं कुंपण त्यानं उडी मारून ओलांडलं, कातळावर चढला आणि ओरडला, "मी बरा झालो. मी बरा झालो. मी बरा झालो रे वैद्या, पेटी उतरव."

त्याच्या मागे भागू, भागूच्या मागे खोकलेवाला, मग सगळे. कातळावर पाय ठेवायला जागा उरली नाही. आवाज इतका मोठा झाला की खाडीपलीकडच्या गावातले चार आजारीही ऐकूनच बरे झाले. दामाजीनं पेटी उतरवली आणि म्हणाला, "हकीम, बसऱ्याला काय सांगू?"

हकीम म्हणाला, "सांग, इथे रोगी कमी आहेत. बरे झालेले फार आहेत."

त्या संध्याकाळी हकिमाचा वाटा टेकडीएवढा झाला. एकटा माणूस किती खाणार? त्यानं तो सगळा ज्या घरांत खरोखरच कोणी अंथरुणाला खिळलेलं होतं तिथे पाठवला, आणि पुढे दरवर्षी तसंच केलं. स्वतःला दोन बांगडे ठेवायचा. चांगुणाबाई तळून द्यायची.

तो इथेच म्हातारा झाला. शेवटच्या दुखण्यात आळीपाळीनं सगळ्या घरांनी त्याची उस्तवार केली. एक दिवस तो म्हणाला, मला कातळावर न्या. दाढी पांढरी, अंगात ताकद नाही, डोळे मिटायला आलेले. पण उभा राहिला आणि तीनदा म्हणाला, "मी बरा झालो." गावानं त्याची सेवा केली होती ना, मग गावाचा वाटा त्यानं बुडवला नाही. असं म्हणतात. म्हणजे मी म्हणतो, आणि इथे मी थाप मारत नाही.

औषध भरताना त्यानं ज्या बिया झोपडीमागे टाकल्या, त्यांचं आज खजुराचं बन झालंय. मास्तर म्हणतात, ती साधी शिंदीची झाडं. मास्तर घाटावरचे आहेत, त्यांना माफ करा.

आजही नारळी पौर्णिमेनंतरचा पहिला बांगडा आला की सोनदांड्यात आधी कोणी तवा चढवत नाही. वर्षभरात जो दुखण्यातून उठला तो कातळावर उभा राहून तीनदा म्हणतो, आणि आपला पहिला वाटा गावच्या दवाखान्यात जो कोणी असेल त्याच्या हातात देतो. मग खजूर वाटतात. त्यातल्या काही खजुरांत कडू किराईत भरलेलं असतं. कोणत्या खजुरात ते चाळीस वर्षं फक्त मला ठाऊक आहे, आणि ते दरवर्षी सरपंचांनाच कसे जातात हे देवाला ठाऊक.

यंदा दवाखान्यात डॉक्टर वांढरे आल्या. मुलगी विदर्भातली, पण शिकली कुठे, तर बर्फाच्या मुलखात, सहा वर्षं. परत येऊन इथली परीक्षा दिली, आणि सरकारनं तिला धाडलं समुद्रावर. माशाचा वास आला की नाकाला रुमाल. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, बर्फातलं औषध आमच्या दमट हवेत वितळणार नाही ना?" तिनं नुसता माझा गुडघा दाबला. गुडघा बारा वर्षांचा दुखणाईत. तीन महिन्यांत तिनं तो असा केला की परवा मी कौलं शाकारायला छपरावर चढलो.

बांगड्याच्या दिवशी सगळं गाव कातळापाशी जमलं. माझं नाव पुकारलं. आता माझा पहिला वाटा म्हणजे पाटीभर बांगडे, आणि ही बाई तर मासे खातही नाही. मी पाय ओढत पुढे झालो आणि म्हटलं, "फरक आहे डॉक्टरीणबाई. पण अजून जरा ठणकतंय."

लोक हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या माझ्या मागे उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आजी, घरात दुधी आहे ना?"