सगुणाक्काचं गंगावन

घाटाच्या पायथ्याशी एक बाजाराचं गाव होतं आणि त्या बाजारात सगुणा नावाची एक बाई केसांचं तेल विकायला बसायची. माका आणि जास्वंद घालून खोबरेल लोखंडी कढईत मंद आचेवर कढवायचं, तीन दिवस मुरू द्यायचं, फडक्यातून गाळायचं आणि बाटल्या भरायच्या. कामात लबाडी नाही. तेल इतकं चोख की बाटलीचं बूच निघालं की शेजारचा मिरचीवालासुद्धा शिंकायचा थांबून वास घ्यायचा.

लहानथोर सगळे तिला सगुणाक्का म्हणत. तिने दुकानावर पाटी कधी लावली नाही. पाठीवरची वेणी हीच तिची पाटी होती. मनगटाएवढी जाड आणि गुडघ्यापर्यंत लांब.

गिऱ्हाईक ऐकतं कानाने, पण घेतं डोळ्याने. हे सगुणाक्काला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिलाच उमगलं होतं. म्हणून दर गुरुवारच्या बाजारी, ऊन डोक्यावर आलं की ती पारावर चढायची आणि वेणी सोडायची. त्यासाठी सकाळीच धुण्याच्या सोड्याने केस खळखळून धुतलेले असायचे, म्हणजे ते भुरभुर उडतात. तिचे केस मूळचे नागमोडी. पण ओले केले की सरळ लोंबतात आणि चार बोटं लांब दिसतात, म्हणून ती वर तांब्याभर पाणी ओतायची. मग शिसवी फणी टाळूवर टेकवायची आणि एका दमात शेवटापर्यंत ओढायची. सर्रर्र! बायकांच्या तोंडून "अगं बाई!" निघायचं आणि बाटल्या हातोहात जायच्या. खेळ संपला की ओल्याच केसांची वेणी अशी करकचून घालायची की भुवया वर चढायच्या.

त्याच बाजारात एक कुंभार बसायचा. मडकं पक्कं आहे हे दाखवायला तो एकाच मडक्यावर दिवसभर टिचक्या मारी, आणि ते मडकं मात्र कधी विकत नसे. कुणी विचारलं तर म्हणे, "शंभर टिचक्या खाल्लेलं मडकं गिऱ्हाइकाच्या पदरात कसं घालू?" सगुणाक्का यावर खूप हसायची. आपण आपलं डोकंच त्या मडक्यासारखं वापरतोय, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आणून दिलं ते गुंतवळ घेणाऱ्या बाईने. फणीत अडकलेल्या केसांचा गुंता बायका भिंतीच्या कोनाड्यात साठवत, आणि ही बाई तो घेऊन बदल्यात सुया, बिब्बे, दाभण देई. सगुणाक्काच्या कोनाड्यातून वर्षाकाठी एक सुई मिळण्याइतकंच गुंतवळ निघायचं. त्या आषाढात ती बाई आली, तिने गुंतवळ हातावर तोललं आणि म्हणाली, "अक्का, यावर तर वाटी देते मी तुला!"

 सगुणाक्काने दार लावून आरसा घेतला. भांग बोटभर रुंद झाला होता. वेणी मनगटाची करंगळीवर आली होती आणि जेमतेम खांद्यापर्यंत पोचत होती. रोज थोडं थोडं गेलं, म्हणून ना तिला दिसलं, ना बाजाराला.

तिने वाटी परत केली आणि म्हणाली, "त्याऐवजी गंगावन दे."

बाईने काळ्या लोकरीचं लांब गंगावन झोळीतून काढलं, डोळे बारीक केले आणि एवढंच बोलली, "माझं तोंड शिवलेलं समज."

वेणीत गंगावन गुंफलं की पुन्हा गुडघ्यापर्यंत. फक्त ती आता सोडता येईना. सगुणाक्काने बाजारात सांगून टाकलं, "देवीला बोललेय बायांनो. दिवाळीपर्यंत वेणी सोडायची नाही. वसुबारसेच्या आदल्या बाजारी सोडीन." बायकांनी हात जोडले. तेलावरच्या विश्वासात भक्तीही मिसळली आणि बाटल्या आणखी खपू लागल्या. सगुणाक्काला मात्र घास गोड लागेना. तेल खरं, मालकीण खोटी.

तेलाचे डबे बाजारात न्यायला शिदूमामाचा टांगा असायचा. त्याच्या घोडीचं नाव जाई. तिच्या शेपटीवरून गावात पैजा लागत, अशी ती दाट आणि झुपकेदार. एका गुरुवारी सगुणाक्का डबे घेऊन उभी, आणि मामा आपला शेपटीशी बसलेला. हातात रुंद दातांचा लाकडी कंगवा.

"मामा, बाजार उठायची वेळ झाली. लग्नाला चाललीय का तुमची घोडी?"

"थांब गं. शेपूट वाळू दे. ओल्या केसाला कंगवा लावला तर केस रबरासारखा ताणतो आणि तुटतो."

मामाने शेवटची चार बोटं मुठीत धरली आणि आधी तेवढीच विंचरली. मग मूठ जरा वर. मग आणखी वर. गुंता आला की बोटाने सोडवला.

"खालून का सुरुवात?"

"वरून ओढलं तर सगळे गुंते गोळा होऊन खाली एक गाठ बसते. मग ओढणारा जिंकतो आणि केस हरतो. आणि माझ्यासमोर लाथ मारणारं जनावर आहे, बाई. तुझ्यासमोर कोण आहे? तुझं डोकं बिचारं लाथ मारत नाही."

सगुणाक्काने पदर डोक्यावरून पुढे ओढला. "सोड्याने धूत असाल ना?"

"सोड्याने मी चाकं धुतो. जाईला रिठा."

"आणि घट्ट वेणी घातली तर बरी नाही दिसणार?"

"शेपूट आवळून ठेवलं तर मुळं कुरकुरतात. माशी हाकलायची तरी सोय नको का तिला?" मामा उठला, डबे टांग्यात चढवले आणि लगाम हातात घेता घेता हळूच म्हणाला, "सगुणा, तीस वर्षं केसांत हात आहे माझा. लोकर ओळखू येते मला. पण मी टांगेवाला. पोचवायचं काम माझं, चहाड्यांचं नाही."

 दुसऱ्या दिवसापासून सगुणाक्काने स्वतःला लगाम घातला.

सवय म्हणजे लाडावलेली मांजर, घराबाहेर काढली तर कौलावरून आत येते. सोडा सुटला, तो सोपा होता. न्हाणं झालं की पंच्याने केस झोडपायची खोड महिन्याभराने गेली. हात मात्र ऐकेना. न्हाऊन उठली की आपसूक कोनाड्याकडे जायचा आणि फणी टाळूवर टेकायची. शेवटी तिने फणी तांदळाच्या कणगीत खोल पुरली. तिथपर्यंत पोचायला कोपरापर्यंत हात घालावा लागे, आणि तेवढ्या वेळात अक्कल परत येई. मामासारखा रुंद दातांचा कंगवा तिने सुताराकडून करून घेतला. केस वाळेपर्यंत अंगणात बसून राही. मग शेवटाकडून सुरुवात. दोनदा रडली, एकदा चिडून कंगवा भिंतीवर मारला. तो उचलताना तिचं तिलाच हसू आलं.

आश्विन उजाडला तेव्हा भांगाच्या कडेला बारीक लव उगवली होती. नागमोडी, चिवट, तिची स्वतःची. पण चार महिन्यांत केस किती वाढणार? बोटभर, दोन बोटं. आणि वसुबारस तर उंबऱ्यावर आली.

त्या गुरुवारी अख्ख्या पंचक्रोशीतल्या बायका लोटल्या. अभ्यंगाचं तेल घ्यायचं, आणि नवसाची वेणी सुटताना बघायची. सगुणाक्काने वाटेत ठरवलं होतं की सांगायचं, देवीने अजून परवानगी दिली नाही. आणखी सहा महिने निघतील. तोवर केस खांद्याखाली उतरतील. खोटं फारसं मोठं नव्हतं. ओढा ओलांडताना एका दगडावर उभं राहून पुढचा गाठायचा, एवढंच.

एवढ्यात पुतळा पुढे आली. पुतळा ही वरच्या वाडीची शेतकरीण, तिचं जुनं आणि पक्कं गिऱ्हाईक. सोबत बारा वर्षांची लेक, शेवंती. भर उन्हात पोरीने डोक्याला फडकं गुंडाळलेलं.

"अक्का, तुझ्या तेलात काही कमी पडलं का गं यंदा?" पुतळाने फडकं सोडलं. पोरीच्या कपाळावरचे केस मागे सरकले होते. कानशिलांशी टक्कल चमकत होतं. "मी तर काही चुकवलं नाही. तू करतेस तस्संच करते. सोड्याने धुते, ओल्यावरच वरून फणी ओढते, आणि अशी घट्ट वेणी घालते की पोर दिवसभर डोळे मिचकावते. रडली तरी सोडत नाही. म्हणते, सगुणाक्कासारखी वेणी हवी ना तुला?"

शेवंती खाली बघत होती. तिला वेणी नको होती. तिला फडकं परत हवं होतं.

सगुणाक्काला काय सुचलं असेल? सुटायला वाट मोकळी होती. 'पोरीच्या अंगात उष्णता आहे' एवढं म्हटलं असतं तरी पुतळाने मान डोलावून दोन बाटल्या जास्त नेल्या असत्या. दुकानदाराच्या जिभेवर असं उत्तर तयारच असतं. सगुणाक्काच्याही होतं. तिने ते गिळलं.

ती पारावर चढली. वेणीचा गोंडा सोडला, मग पेड सोडले. काळ्या लोकरीचं गंगावन सळकन निसटून तिच्या पायाशी पडलं. खांद्यावर राहिले तिचे स्वतःचे केस, विरळ आणि नागमोडी, आणि भांगाशी उभी राहिलेली ती आखूड लव.

बायका टाचा उंचावून बघू लागल्या. मग मागून एक आवाज आला, "आता कळलं! तेलात माका नाही, मेंढी घालते ही!"

हशा पिकला. मिरचीवाल्यानेही हसून घेतलं. सगुणाक्काचे कान तापले, पण ती खाली उतरली नाही.

"हसा. तुमच्या जागी मी असते तर मीपण हसले असते," ती म्हणाली. "नवस नव्हता, बायांनो. लाज होती. तेल खरं आहे, हात वाईट होता. तुम्हाला लांब वेणी दाखवायची म्हणून दर गुरुवारी मीच माझे केस तोडले. आणि पुतळा, मी तुला तेल विकलं पण त्याबरोबर माझी खोडही दिली, फुकट. तेलापेक्षा तीच जास्त लागू पडली."

पुतळाचा चेहरा लाल झाला. "माझ्या पोरीचं डोकं काय गाजरगवत वाटलं का तुला? उपटलं की उगवेल?" तिने हातातली बाटली दाणकन पारावर ठेवली आणि पोरीला ओढलं.

शेवंती मात्र जागची हलली नाही. ती सगुणाक्काच्या भांगाकडे निरखून बघत होती. "आई," ती म्हणाली, "तिचे उगवतायत."

सगुणाक्का पारावरच बसली. शेवंतीला समोर घेतलं, बोटाच्या टोकाने टाळूवर तेल जिरवलं, आणि रुंद कंगव्याने केसांची शेवटची दोन बोटं तेवढी विंचरली. मग जरा वर. मग आणखी वर. पोरीने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने तिने विचारलं, "झालं? दुखलं कसं नाही?"

त्या दिवशी तेलाचे तीन डबे होते तसे घरी परत गेले. दिवाळीला सगुणाक्काच्या घरी करंज्या झाल्या नाहीत. पण पुढच्या गुरुवारी पुतळा वाडीवरून आली. तोंड फुगवलेलंच. लेकीला पारावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसून विंचरणं नीट बघत राहिली. त्यापुढच्या गुरुवारी तिच्याबरोबर जाऊबाई आली.

पुढे सगुणाक्काने बाजारात वेणी सोडण्याचा खेळ केला नाही. तिने नवी रीत पाडली. बाटली मागणारीने आधी स्वतःची फणी काढून दोन हात फिरवून दाखवायचे. वरून ओढली की सगुणाक्का बाटली मागे घ्यायची. "ताई, तेल आजही आहे, उद्याही आहे. आधी हा ओढणारा हात घरी ठेवून ये." असा माल नाकारणारा दुकानदार लोकांनी पाहिला नव्हता. म्हणून लोक लांबून लांबून येऊ लागले.

तीन वर्षांनी तिची वेणी कमरेपर्यंत आली. गुडघ्यापर्यंत पुन्हा कधी गेली नाही. पण भांग भरला होता, आणि केस जन्माला आले तसे नागमोडी होते. शेवंतीचे त्याहून दाट. पुतळा ते साऱ्या बाजाराला दाखवायची, आणि कुणी ओढून बघायला हात पुढे केला की चापट मारायची.

आणि गंगावन? ते शिदूमामाने मागून नेलं आणि गोंड्यासकट जाईच्या कपाळावर बांधलं. नवखी सवारी टांग्यात बसली की विचारायची, "घोडीला हे काय बांधलंय, मामा?"

मामा मागे वळून म्हणायचा, "ती सगुणाक्काची जुनी वेणी." आणि सगुणाक्का टांग्यात असली तर डबे मांडीवर सांभाळत तीच आधी हसायची. "खरं आहे. तिच्या कपाळाला शोभते, माझ्या पाठीला जड झाली होती."

तात्पर्य: केस असोत की नाव, ओढून लांब होत नाही, तुटतं मात्र. वाईट खोड लपवायला जोडलेला पेड स्वतःच्या हाताने चारचौघांत सोडावा, म्हणजे मुळाशी खरं उगवायला जागा होते.